सोबतीचं काम

वाई,
रविवार, संध्याकाळ

प्रिय गोट्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चिपळूणच्या तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला हॉल मिळाला आणि चिटणीस म्हणून सगळ्यांनी तुझं नाव सुचवलं, हे वाचून फार आनंद झाला. कार्यक्रम कोणते ठेवू, असं तू विचारलंस. व्याख्यान, भजन, सहल, हास्यक्लब अशी यादीही पाठवलीस. यादी चांगली आहे, पण इथल्या विरंगुळा केंद्राचं काम सहा वर्षं केल्यावर माझं मत असं झालंय की कार्यक्रमांचं नंतर बघ. आपल्या वयाच्या माणसाला आधी लागतं ते बरोबर येणारं कुणीतरी. बँकेत, दवाखान्यात, तहसीलच्या पायऱ्यांवर. मुलं पुण्या-मुंबईला. ती पैसे पाठवतात, फोन करतात, जीव लावतात. पण रांगेत शेजारी उभं राहायला ती इथे नसतात.

नोव्हेंबरमधली एक गोष्ट सांगतो. गंगापुरीतल्या एक काकू, वय ८१. यजमान पोस्टात होते, त्यांच्यामागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. हयातीच्या दाखल्यासाठी त्या एका बँकेत तीनदा गेल्या आणि अंगठा उमटत नाही म्हणून तिन्ही वेळा परत आल्या. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाला ऐंशीच्या पुढच्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याची कातडी पार गुळगुळीत झालेली. साठ वर्षं भांडी, धुणं, सारवण. रेषा राहणार कुठून?

मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे. आमच्या केंद्रातल्या एका ताईंनी ती शिकून घेतलीय. त्यांनी काकूंना खिडकीशी बसवलं, चष्मा काढायला लावला आणि म्हणाल्या, "काकू, पापण्यांची उघडझाप करा." काकूंनी डोळे मिटले ते मिटूनच बसल्या, देवापुढे बसावं तशा. दुसऱ्या खेपेला जमलं. दाखला निघाल्याचं ताईंनी वाचून दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे मी आहे, असं ठरलं ना आता?" मला काही बोलवेना.

तेव्हापासून नोव्हेंबरभर रोज दहा ते बारा आम्ही दाखल्याचं टेबल लावतो. आधार कार्ड, मोबाइल, पासबुक आणि पीपीओ नंबर, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या ऑर्डरचा नंबर, एवढं लागतं. अडतं ते पीपीओ नंबरपाशी, कारण ती ऑर्डर ट्रंकेत कुठेतरी तळाशी असते. तू सभासद-अर्जावरच त्याचा रकाना ठेव. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही त्याच टेबलावर करून देता येतं. उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती सुरू असूनही कितीतरी घरांना पत्ता नाही. "आम्ही काही गरीब नाही," म्हणून माणसं ते काढायचंच टाळतात. त्यांना समजावत बसावं लागतं.

आता मनाला लागून राहिलेली गोष्ट लिहितो. मधल्या आळीतल्या एका वाड्यात एक निवृत्त शिक्षक एकटे राहायचे. रोज सकाळी नऊला केंद्रात येऊन ते पेपर वाचायचे, एक दिवसही चुकत नसत. एका मंगळवारी आले नाहीत. बुधवारीही आले नाहीत. मी म्हटलं, मुलाकडे गेले असतील. माझ्याकडे त्यांचा नंबर होता, पण फोन केला नाही. बुधवारी दुपारी दूधवाल्याने दारात तशीच पडलेली पिशवी पाहून हाक मारली, तेव्हा आतून आवाज आला. मंगळवारी पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड दिवस ओल्या फरशीवर. तांब्या हाताशी होता म्हणून घोट घोट पाणी पीत राहिले. वाचले ते, वॉकर घेऊन आता परत येतातही. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण ती फरशी माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. तो फोन मी करायला हवा होता.

त्याच आठवड्यात आम्ही फोनाची साखळी सुरू केली. एकटं राहणाऱ्या ३४ जणांची वही केली. सात जण आहोत, प्रत्येकाकडे चार-पाच नावं. सकाळी साडेआठच्या आत एक फोन, दोन वाक्यांचा. उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा. तरीही नाही, तर त्याच आळीतल्या माणसाने जाऊन कडी वाजवायची. शेजाऱ्याकडे जादा किल्ली ठेवायची, आणि ती कोणाकडे आहे ते वहीत लिहायचं. खर्च काही नाही. पण खाडा नको, दिवाळीच्या पहाटेसुद्धा नको. फोनवर आता लोक वाट बघतात. एक आजोबा तर माझा आवाज ऐकला की आधी भाजी काय आणली ते सांगतात.

चिपळूणला तर ही वही दुप्पट महत्त्वाची. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा तुम्ही माळ्यावर रात्र काढलीत ते तू फोनवर सांगितलं होतंस. कोणाला जिना चढवत नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला इन्सुलिन लागतं, एवढं तरी आळीवार लिहून ठेव. पावसाळा तोंडावर आला की ते नव्याने तपासायचं. हे तुझ्या यादीत पहिलं असू दे.

बायका येत नाहीत ही तक्रार तुझ्याकडेही होईल. आमच्याकडे पहिलं दीड वर्ष सगळे पुरुषच. आम्ही हळदीकुंकू ठेवलं, पाककृतींची स्पर्धा ठेवली, तरी चार डोकी. शेवटी एका वहिनींनी हळूच सांगितलं, "भाऊजी, तिथे संडास धड नाही, आणि उकिडवं बसायला आता गुडघे चालत नाहीत." इतकं साधं होतं. उंच कमोड बसवला, शेजारी धरायला दांडी लावली, कडी आतून नीट लागेल अशी केली, आणि बायकांची वेळ दुपारी चार ते साडेपाच केली. सकाळी त्यांना घरातून पाय काढता येत नाही, मग नऊची वेळ ठेवून काय उपयोग? आज दुपारी बसायला खुर्च्या पुरत नाहीत. खुर्च्या हातवाल्याच घे. बिनहाताच्या खुर्चीतून उठताना माणूस आधार शोधतो आणि पडतो.

बायकांमुळेच सहली पुन्हा भरायला लागल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आहेच. धर्मपुरीतल्या एक आजी त्या गाडीने पंढरपूरला जाऊन आल्या. तिकिटासाठी मुलापुढे हात पसरावा लागला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

एक कायद्याचं. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे. साध्या अर्जावर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात जाता येतं, आणि मुलाइतकीच मुलगीही जबाबदार धरली जाते. पण अर्ज करायला आईबाप धजत नाहीत. पोराच्या नावाने कागद करायचा या विचारानेच त्यांना रडू येतं, आणि त्यांना मी भरीला घालत नाही. मी आधीच्या पायरीवर जोर देतो. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणार असाल, तर आमरण सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की हे फार अवघड होऊन बसतं. हे सांगायला एखाद्या जाणकार वकिलांना वर्षातून दोनदा बोलाव. त्या दिवशी चहा जास्त टाकायला सांग, माणसं उठत नाहीत. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिही.

पैशाचं विचारलंस. वर्गणी ठेव, कमी ठेव, पण ठेवच. आम्ही एकट्यांसाठी डबा सुरू केला तेव्हा फुकट दिला, तर पहिल्या महिन्यात अकरा जणांनी नाकारला. ४० रुपये लावले आणि तेच अकरा जण हक्काने भाजीत मीठ कमी घाला म्हणून सांगायला लागले. ते मला फार आवडलं.

कृष्णाबाईच्या उत्सवाला ये. घाटावर बसू, केंद्र बघ, वही बघ, हवी तर उतरवून ने. वहिनींना नमस्कार सांग, गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
लंब्या

ता. क. संडासातली दांडी भिंतीत बोल्ट मारून बसव. चिकटवायच्या मिळतात त्या घेऊ नकोस, ओल्या भिंतीवरून सुटतात. आणि मिस्त्री सांगेल त्या उंचीला लावू नकोस. आधी तुमच्यातल्या सगळ्यात बुटक्या आजींना कमोडवर बसवून हात कुठे जातो ते बघ, मग खूण कर.