वातीत निघाला निळा धागा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चवथीच्या वातींसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कापसाचा पुडका आणला. एक वात तेलात तडतडली आणि जळक्या पोत्याचा वास सुटला. दुसरी उकलून पाहिली, तर आत प्लास्टिकचा निळा धागा आणि पाल्याचा चुरा. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "बाये, असोच येता गो." शेजारीण म्हणाली, हाताने वेचलेला असाच असायचा, यंत्रं आली की स्वच्छ मिळेल. ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

माझं माहेर वणीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. लग्न होऊन डिचोलीला येईपर्यंत दरवर्षी वेचणीला जायचे. दव वाळल्याशिवाय आजी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात लावू द्यायची नाही; ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. खालच्या बोंडापासून वर वेचत जायचं, म्हणजे हलवलेल्या फांदीचा वाळका पाला खालच्या फुटलेल्या कापसावर पडत नाही. कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, वेगळी. कमरेला सुती लुगड्याची ओटी.

आता मजुरी किलोवर, मग दव काय नि पाला काय, सगळं वजनातच जातं. ओटीच्या जागी खताची रिकामी पोती आली. त्यांचे सुटलेले धागे जिनात, म्हणजे सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, रुईत (सरकी काढलेल्या कापसात) असे मिसळतात की नंतर वेचून काढणं कठीण. दोष पोत्याचा, बोल लागतो हाताला!

यंत्राचंही ऐका. पानं झडावीत म्हणून आधी औषध फवारायचं. चात्यांचं, म्हणजे फिरत्या काटेरी सळयांचं, यंत्र फुटलेल्या बोंडातून कापूस ओढतं, तरी पाला येतोच. ओरबाडणाऱ्या यंत्रात तर बोंडाची टरफलं आणि काटक्याही. मग जिनात जास्त वेळा झाडायचं, त्यात तंतू तुटतात, गुठळ्या होतात. आखूड तंतूची वात वळताना हातातच सुटते. शिवाय आमच्याकडे बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या लागतात. मजूर मिळत नाहीत हे मात्र खरं, माझा भाऊच दरवर्षी रडतो.

गोव्यात कापूस पिकत नाही, पण देवळांत वाती किती लागतात! देवस्थान समित्यांनी घाऊक कापूस घेण्याआधी मूठभर पिंजून गडद कापडावर पसरून बघावा. पाला, धागा लगेच दिसतो. दिसला तर पुडका तिथंच परत करावा.

आपली,
एक वाचक, डिचोली