धुकं पडावं म्हणून थांबलेली माणसं

बोर्दो, फ्रान्स, १३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. कामाचं, जेवणाचं, जाड कोट घेतल्याचं सगळं फोनवर सांगून झालंय. पत्र लिहितोय ते त्या फोटोमुळे. ग्रुपवर माझ्या हातात ग्लास दिसला आणि आई, तू दोन दिवस धड बोलली नाहीस. मग मावशीकडून कळलं, "तो थंय पिऊक लागलो काय?" असं तू तिला विचारलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात.

त्या रविवारी घरमालकीण बाईंनी जेवायला बोलावलं होतं. सत्तरी उलटलीय, एकट्याच असतात. आम्ही पाच जण आणि गोड वाईनची बाटली अर्धी, ३७५ मिलीची. म्हणजे माझ्या वाट्याला ७५ मिली आली. तेवढीच घेतली, देवाशपथ.

इथे जेवण झालं की गोड येण्याआधी चीज येतं. आपल्या दुकानातलं पिवळं चौकोनी नव्हे. बाईंच्या लाकडी फळीवर रोकफोर होतं, मेंढीच्या दुधाचं, गुहेत मुरवलेलं. सुरी घातली की भुसभुशीत तुकडा सुटतो आणि आत निळ्या-हिरव्या बुरशीच्या रेघा. आई, अशी भाकरी तू गुरांनाही घालणार नाहीस. आणि खारट किती! त्या खारटाबरोबर मधासारखी दाट, गोड वाईन घेतात. पहिल्यांदा मला कळेना की जेवणानंतर हा काय प्रकार. पण अननसाच्या फोडींना तू मीठ लावतेस ना, तसंच ते. मिठाने गोडी वर येते आणि गोडीने मिठाची धार मरते. लहान घोट, लहान तुकडा, एवढ्यावर तासभर गप्पा. झिंगण्यासाठी कुणी ही पीत नाही.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. ही वाईन ज्या द्राक्षांची करतात ती सडवलेली असतात. मुद्दाम! इथून दक्षिणेला सिराँ नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. शरद ऋतूत थंड पाणी कोमट पाण्यात शिरतं आणि पहाटे धुकं उठतं. धुक्याने द्राक्षांवर बुरशी धरते, दुपारी ऊन पडून ती आटोक्यात राहते. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर राहते. मग माणसं एकेक मणी पाहून खुडतात, त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा येतात. ऊन पडलंच नाही तर मात्र नुसती सड होते. शातो दिकेम हे इथल्या मळ्यांतलं सर्वांत मोठं नाव, त्यांनी २०१२ साली ही गोड वाईन केलीच नाही.

इथल्या एका द्राक्षमळेवाल्याकडून हे ऐकताना मला पौषातली आपली बाग दिसत होती. मोहोरावर धुकं आलं की तुमची झोप उडायची, भुरी येणार, तुडतुडे येणार, आणि उजाडायच्या आत तुम्ही पंप घेऊन बागेत. इथे तेच धुकं पडावं म्हणून लोक डोळे लावून बसतात. तुम्ही सोबत असता तर त्या मळेवाल्याला चार प्रश्न विचारले असतेत. मला भाषाही पुरी पडली नाही.

खर्चाचंही सांगतो, कारण ते विचारणार आहातच. कुणाकडे जेवायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं. सोटर्न या नामांकित गावाची बाटली पाहिली आणि परत ठेवली. दुकानदाराने विचारलं, चीज कोणतं आहे? निळं म्हटल्यावर त्याने नदीपलीकडची बाटली काढली, लुपियाक गावाची. शेजारी काडियाक आणि सेंत-क्रवा-दु-माँ आहेत. द्राक्षं तीच, धुकंही तेच, फक्त नावाचा दबदबा कमी. सोटर्नला हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे २,५०० लिटरच वाईन काढायची मर्यादा आहे, पलीकडे ४० हेक्टोलिटरपर्यंत चालतं, म्हणून भावही उतरतो. अर्ध्या बाटलीचे आठ युरो दिले. बाबा, रुपयांत गुणू नका. दोन दुपारी बाहेर न जेवता डबा नेला, त्यातच भागलं. याहून पूर्वेला मोंबाझियाक आहे, तिथली गोड वाईनही परवडते. एकदा ठाऊक झाल्यावर मोठ्या नावामागे धावायची गरजच उरत नाही.

आणि आई, मी तुझी आंबापोळी नेली होती. बाईंनी ती कात्रीने बारीक कापली, रोकफोरवर ठेवली आणि डोळे मिटून खाल्ली. कुणी केली म्हणून विचारलं. मी म्हटलं, आईने, मे महिन्यात, उन्हात. मग बराच वेळ मला पुढे बोलता आलं नाही.

गणपतीला आलो नाही, हे तुम्ही कुणीच बोलून दाखवत नाही. काकांनी आरती धरली तो व्हिडिओ मी पाहिलाय. पुढच्या वर्षी रजा आधीच टाकतो.

पैसे शुक्रवारी पाठवलेत. पावसात पडलेला गडगा त्यातून बांधून घ्या, चिरे जुने चालतील. ताईचं कणकवलीचं स्थळ मला आवडलं, पण तिला विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. मुलाकडच्यांना हा फोटो दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, माझी लपवायची इच्छा नाही. साखरपुड्याची तारीख महिनाभर आधी कळवा, तिकीट तेव्हाच परवडतं. माझ्या लग्नाचं तिचं झाल्यावर बघू, रागावू नका. फवारणीला यंदा गडी लावा, त्याचे पैसे वेगळे धरलेत. तुम्ही पंप उचलायचा नाही, बाबा.

तुमचा,
बाळू

ता. क. आंबापोळी संपली. पण पाठवू नका, टपालाचा खर्च फार येतो.