बेकरीवाल्या चाचांना, आईच्या धोंडसाबद्दल

चाचा, नमस्कार.

तुमचं नाव लिहू नको असं तुम्ही निघताना म्हणालात म्हणून नुसतं चाचाच लिहितेय, लालबागमधले ओळखायचे ते ओळखतीलच. तुम्ही मूळचे खेडचे, इथे म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे हे पत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवायला नको. त्या दिवशी आईचं धोंडस, म्हणजे आमचा कोकणातला गुळाचा केकच, भट्टीत भाजून दिलंत, पण नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, माझा घसा भरून आला होता आणि तुमची संध्याकाळच्या पावाची गडबड सुरू झाली होती. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आंब्याची पेटी राजापूरहून आली होती. चुलतभाऊ दरवर्षी पाठवतो. यावेळी ज्यांच्या गाडीतून पाठवली त्यांनी ती कुठल्या गोडाऊनमध्ये तापत ठेवली देव जाणे, फोन उचलायचे नाहीत आणि उचललाच तर "ताई आज निघालीय" एवढंच. पेटी उघडली तर पेंढा ओला, साली सुरकुतलेल्या, देठाशी काळे डाग, हात लावला की बोट आत जायचं. नवरा म्हणाला टाकून दे, शेजारच्या वहिनी म्हणाल्या टाकून दे. आईने मात्र डाव्या हाताने एक आंबा उचलला, देठाकडे नाक नेलं, नीट वास घेतला आणि म्हणाली, "धोंडस."

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलताना शब्द अडकतो. तेव्हापासून तिने स्वयंपाकघरातलं काही म्हणजे काही स्वतःहून मागितलं नव्हतं, वाढलं ते जेवायची. त्यामुळे तो एक शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना.

खरं धोंडस तवशाचं, म्हणजे ती मोठी पिवळी जून काकडी असते ना तिचं. पण आमच्या घरी हातात येईल त्या पिकल्या फळाचं व्हायचं. त्याला कारण 82 चा संप. बाबा परळला गिरणीत होते, जानेवारीत संप सुरू झाला, दोनेक महिने इथे काढून बाबा गावी परत आले आणि मनीऑर्डर यायची ती थांबली. मी तेव्हा दुसरीत. त्या मे महिन्यात आईने एक आंबा फुकट जाऊ दिला नाही. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छानच झालं, पण आमची पोटं भरली ती रायवळाने, पहाटे झाडाखाली जाऊन वेचून आणलेल्या, आपटून फुटलेल्या, मुंग्या लागलेल्या आंब्यांनी. आई ते धुवायची, पिळायची, रस चाळणीतून काढायची, जात्यावर भरडलेला तांदूळ तुपाशिवाय कोरडाच भाजून त्यात भिजवायची, गूळ, मीठ, नारळ झाडाचाच. मग जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात खाली केळीचं पान, त्यावर हे सगळं ओतायचं, टोप चुलीवर, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे लालबुंद निखारे. खालून चूल मंद आणि वरून धग. आम्ही भावंडं पडवीत बसून वास घ्यायचो आणि निखाऱ्यांवर राख धरली की आई फुंकणीने ती उडवायची, एवढं बघायला मिळालं तरी आम्हाला सिनेमा बघितल्यासारखं वाटायचं. बाठेसुद्धा चोखून झाल्यावर परसात रुजत घालायचो. फणस असला तर आठळ्या मातीत पुरून पावसाळ्यासाठी. टाकून द्यायचं असं काही नसायचंच.

तर ही वरची धग मुंबईत आणायची कुठून. कुकरमध्ये वाळू घालून होतं, लोक करतात, पण वरून रंग येत नाही आणि आईला ते धोंडस वाटत नाही. घरातला ओव्हन बंद पडलेला, त्याच्या सर्व्हिसवाल्यांनी पार्ट येतोय येतोय करत अख्खा उन्हाळा घालवला. मग आईला व्हीलचेअरवर घालून, टोप मांडीवर धरून, आमच्या टॉवरखालच्या त्या नव्या केकच्या दुकानात नेलं. म्हटलं पैसे घ्या, तुमच्या ओव्हनला नुसतं ठेवा. ते म्हणाले बाहेरचं बॅटर चालत नाही, पॉलिसी आहे. ठीक आहे, नाही चालत तर नाही चालत. पण आई काहीतरी सांगत होती, तिचं वाक्य अर्ध्यात असताना काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजींना काय हवंय?" आजी समोर बसलीय, तिला विचार ना! वर्षभर हेच चाललंय. रिक्षावाला, नातेवाईक, तपासायला येणारे, सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात.

तुमच्याकडे आलो ती दुपारची वेळ होती, पावाच्या लाद्या निघून गेल्या होत्या, भट्टीत नुसती उरलेली धग होती. मी सांगायला सुरुवात केली आणि तुम्ही मला हाताने थांबवून आईकडे बघितलंत. ती बोलत होती. तिला वेळ लागला, बराच लागला, मागे पोरगा खारीचे ट्रे आपटत होता, त्याला तुम्ही गप्प केलंत. तिचं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे खालून कमी, वरून जास्त. असंच ना आई?" तिने मान हलवली. बस. पैशांचं नाही, पॉलिसीचं नाही. पूर्वी दिवाळीत बायका नानकटाईचं पीठ मळून डबे घेऊन इथे लाइन लावायच्या, आम्ही भाजून द्यायचो, आता कुणी येत नाही, असं काहीतरी तुम्ही टोप उचलताना बोललात.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते पुढचं. टोप लांब फळ्यावरून बाहेर ओढलात, वरून छान तांबूस झालेलं, मला तर झालंच वाटलं. तुम्हालाही कळत असणारच, आयुष्य गेलंय तुमचं त्या भट्टीसमोर. तरी तुम्ही तो गरम टोप फडक्यात धरून आईच्या खुर्चीपाशी आणलात, खाली उकिडवे बसलात, तिचा डावा हात चालतो हे बघून टोप त्या बाजूला वळवलात, आणि नव्या झाडूतला एक हीर काढून धुऊन तिच्या हातात दिलात. "झालं का बघा. तुम्ही म्हणाल तेव्हा काढतो."

तिने हीर मधोमध खुपसला, बाहेर काढून डोळ्यांजवळ धरला, बोटाने चाचपला. आणि म्हणाली, "अजून थोडं."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि टोप परत आत सरकवलात. काही समजावलं नाही, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले नाहीत. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी आईच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट केली होती. खुर्चीत तिची पाठ ताठ झाली चाचा, मी मागे उभी होते, मला दिसलं. दुसऱ्यांदा काढलंत तेव्हा हीर स्वच्छ आला आणि तिने "हां" म्हटलं ते अगदी पडवीत म्हणायची त्याच आवाजात.

माणसाला पुण्य करायला काही मोठं लागत नाही असं बाबा म्हणायचे, ते मला पुस्तकी वाटायचं. आता नाही वाटत. लोक अन्नदान करतात, देणग्या देतात, चांगलंच आहे, पण समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं फार थोड्यांना जमतं. तुम्हाला ते सवयीचं असावं, म्हणून तुमच्या लक्षातही नसेल.

लाकडाची भट्टी बदलावी लागणार असं तुम्ही म्हणालात ते डोक्यात आहे. जानेवारीत, 2025 सुरू होताच, हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर नाहीतर दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, म्हणजे तेव्हा मुदत त्याच वर्षीच्या जुलैपर्यंतची होती. धूर आमच्याही छातीत जातो, तुमच्या तर जास्तच, कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नव्या ओव्हनचा खर्च छोट्या बेकरीवाल्याने कुठून आणायचा हेही कुणीतरी बघायला हवं. माझा नवरा बँकेत आहे, कर्जाच्या कागदांना मदत लागली तर हक्काने सांगा, तोंडदेखलं बोलत नाहीये, खरंच घरी या. आणि गॅस आला म्हणून आम्ही यायचे थांबू असं समजू नका, आईला वरून धग हवी, ती कशाची आहे याच्याशी तिचं भांडण नाही.

भाऊ आता बरका फणस पाठवतोय, यावेळी एसटीने, ओळखीच्या कंडक्टरबरोबर. तो पोचेपर्यंत पार मऊ झालेला असणार, आई त्याचीच वाट बघतेय. आठळ्या चाचींसाठी बाजूला काढून ठेवते. दुपारी लाद्या निघाल्यावर आईला घेऊन आले तर चालेल ना? रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.