थोडं थांबायचंय म्हणालास म्हणून

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी आपल्या सायकलच्या दुकानात एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलो होतो. "बाबा, मला थोडे दिवस थांबायचंय," एवढंच तू म्हणालास. आणि मी म्हणालो, "परीक्षा चार महिन्यांवर आली, आता कसलं थांबणं? लोक काय म्हणतील?" तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास. त्या "बरं"मुळे दोन रात्री माझा डोळा लागलेला नाही. फोनवर मला मनातलं नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

टॉम ड्युमुलँ आठवतो का रे? तो सायकलपटू, नेदरलँड्सचा, मास्ट्रिख्तचा. तुझी पाचवीची परीक्षा झाली होती. 2017 चा मे महिना, आपण दुकान बंद करून अंगणातल्या बाजेवर मोबाईलवर इटलीची जिरो सायकल शर्यत बघायचो. त्या वर्षी शंभरावी जिरो होती. तो गुलाबी जर्सीत, म्हणजे सगळ्यात पुढे. स्टेल्व्हिओच्या डोंगरावर दोन वेगवेगळ्या अंगांनी चढायचं होतं त्या दिवशी. दुसऱ्यांदा चढायला लागायच्या आत त्याचं पोट बिघडलं. गडी सायकलवरून उतरला, हेल्मेट काढलं, गुलाबी जर्सी काढली आणि रस्त्याकडेच्या गवतात जाऊन बसला. कॅमेरे चालू, अख्खं जग बघतंय. तू आधी खो खो हसलास आणि मग एकदम गप्प होऊन विचारलंस, "बाबा, आता तो हरणार का?"

दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला त्याचा. क्विंताना, निबाली हे त्याचे प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. हा परत सायकलवर बसला आणि एकट्याने घाट चढून मुक्कामी पोचला. जर्सी राहिली, पण क्विंतानावरची आघाडी उरली फक्त 31 सेकंदांची. पुढे डोंगरात तीही गेली. शेवटच्या दिवशी मोंझा ते मिलान, 29.3 किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाशी शर्यत, टाइम ट्रायल म्हणतात ती. सकाळी हा चौथा होता, क्विंतानाच्या 53 सेकंद मागे. संध्याकाळी जिरो जिंकला, आणि तोही बरोबर 31 सेकंदांनी. जिरो जिंकणारा पहिला डच पुरुष. तू बाजेवर उभा राहून नाचलास, बाजेची सुतळी तुटली. ती मी अजून तशीच गाठ मारून ठेवली आहे.

तेव्हा तुला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं, की या पोराला आधी डॉक्टर व्हायचं होतं. मार्क कमी पडले, हवा तिथे प्रवेश मिळाला नाही. सायकल त्याच्या आयुष्यात त्यानंतर मोठी झाली.

पण मला लिहायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षांबद्दल. जिरोनंतर त्याच साली नॉर्वेत बर्गनला टाइम ट्रायलचा विश्वविजेता झाला. 2018 मध्ये जिरोत दुसरा, टूर द फ्रान्समध्येही दुसरा. मग 2019 च्या जिरोत पडला, गुडघा गेला, ते वर्ष बुडालं. नव्या संघात गेला. 2020 च्या टूरमध्ये तो संघाच्या म्होरक्यासाठी, रोग्लिचसाठी राबला. शेवटच्या आदल्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये दुसऱ्या संघाच्या पोगाचारने रोग्लिचची पिवळी जर्सी, म्हणजे टूरमधला पहिला नंबर, हिसकावली, तेव्हा हा आपलं अंतर संपवून टीव्हीसमोर बसलेला होता. त्याचा तो चेहरा मी विसरलो नाही.

आणि 2021 च्या जानेवारीत, संघाचं सराव शिबिर चालू असताना, त्याने सांगितलं की मी थांबतोय. वय तीस. गुडघा बरा होता, कुठलं हाड मोडलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की संघ, प्रायोजक, बायको, घरचे, सगळ्यांना खूश ठेवता ठेवता आपल्याला स्वतःला काय हवंय ते कळेनासं झालंय. निर्णय घेतल्यावर खांद्यावरून शंभर किलोची सॅक उतरल्यासारखं वाटलं, असं तो म्हणाला. हे मी तेव्हाही वाचलं होतं. वाचून "मोठ्या माणसांची मोठी नाटकं" म्हणालो होतो, तुझ्यासमोरच. ते शब्द मी आज मागे घेतो, बाळा.

त्या वसंतात आम्स्टेल गोल्ड रेस ही नेदरलँड्समधली सायकल शर्यत त्याच्या गावाकडच्या रस्त्यांवरून गेली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला प्रेक्षक म्हणून उभा होता. तिथे त्याला पुन्हा सायकल हवीशी वाटली. जूनमध्ये परतला आणि जुलैत टोकियो ऑलिंपिकला टाइम ट्रायलमध्ये रौप्यपदक मिळवलं. रिओतही रौप्यच होतं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. चार दिवस विश्रांती घे, मग जोमाने अभ्यास कर, नंबर काढ! पण तसं झालं नाही, आणि तुझ्यापासून मी ते लपवणार नाही. 2022 च्या जिरोत पाठीने दगा दिला, शर्यत अर्ध्यावर सोडली. जूनमध्ये जाहीर केलं की या हंगामानंतर बास. ऑगस्टमध्ये म्हणाला, हंगाम संपेपर्यंतही नाही, आत्ताच. वय एकतीस. पदक मिळालं म्हणून त्याचं आधीचं थांबणं बरोबर ठरलं आणि पुढे सोडलं म्हणून चूक ठरलं, असा हिशेब मला पटत नाही. दोन्ही वेळा त्याला जे कळत होतं ते त्याने खरं खरं सांगितलं. तूही परवा तेच केलंस. ऐकणारा कमी पडला.

तू तिसऱ्यांदा परीक्षेला बसतोयस. क्लासवाले दर रविवारी नावानिशी रँक भिंतीवर लावतात, हे तू मागे एकदा सांगितलं होतंस आणि मी विषय बदलला होता. आईला मात्र तू नीट जेवत नाहीस हे आवाजावरून कळत होतं. ती म्हणत होती, मी ऐकत नव्हतो.

रविवारी पहाटेच्या एसटीने मी येतो. दुपारपर्यंत पोचेन. यायचं असेल तर गादी-उशी बांधून ठेव, पुस्तकं मी भरीन. तिथेच राहायचं असेल तर दिवसभर बसू, तुझ्याबरोबर जेवीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. भरलेल्या फीचा विषय आपल्या दोघांत निघणार नाही. परीक्षेचाही नाही, तू काढलास तरच. शेजारीपाजारी जे विचारतील त्याचं उत्तर मी देईन.

तुझे,
बाबा