एका बोटानं दाखव

डॉक्टर मॅडम,

त्या दिवशी तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत, घसाच दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

आठ महिने माझी बारा वर्षांची लेक गुडघा धरून बसायची. एका डॉक्टरांनी 'वाढीच्या वयात दुखतंच' म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी पाय सरळ ठेवून काढलेला एक्स-रे उजेडात धरला, 'नॉर्मल आहे' म्हणाले आणि शाळा आवडते का, असं तिलाच विचारलं. गुडघ्याला हात कुणी लावला नाही. त्यांना तरी किती बोल लावू? 'नाटकं पुरे' असं एकदा मीही म्हणाले होते.

तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. सवयीनं मीच सांगायला लागले, तर मला हातानं थांबवलंत आणि तिला म्हणालात, "एका बोटानं दाखव." तिनं गुडघा वाकवला, वाटीच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. तुम्ही तिथेच हलकेच दाबलंत. ती कळवळली, पण पुढच्याच क्षणी तिचे खांदे सैल पडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

गुडघा वाकवून काढलेल्या एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या टोकाला नखाएवढा खळगा दिसला. सरळ पायात तो लपला होता. बाकीचं एमआरआयनं सांगितलं. ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स. कूर्चेखालचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराखालचा, हाडाचा तुकडा कमकुवत झालाय, पण वरची कूर्चा अखंड आहे, तुकड्यामागे पाण्याची रेघ नाही, म्हणजे तो सुटलेला नाही, आणि हाडाची वाढ अजून चालू आहे. म्हणजे धावणं-उड्या बंद ठेवून, ऑपरेशनशिवाय भरून येण्याची आशा. स्क्रीनवर हे तुम्ही आधी तिला दाखवलंत, मग मला. वर नावाची गंमतही सांगितलीत: १८८७ साली कोनिग नावाच्या सर्जनना वाटलं की तिथे दाह असावा, म्हणून 'आयटिस'. दाह काही सापडला नाही, नाव मात्र चिकटलं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं.

तुम्हाला या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नसतील. म्हणूनच आधीच्यांवरचा माझा राग जात नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा एमआरआय आहे. तिनं आत्ताच बजावलंय, "आई, तू बोलायचं नाहीस. मी सांगेन."

तुमची ऋणी,
तिची आई