माहेरी निघण्याआधी

प्रिय मधुरा,

ओटीभरणाचे फोटो पाहिले. हिरवी पैठणी शोभतेय तुला, पण त्या झोपाळ्यावर बसताना कुणी हात तरी धरला होता ना? असो. पस्तिसावा आठवडा लागला, शनिवारी बार्शीला निघणार, आणि तुझे सगळे प्रश्न झबली-टोपड्यांचे. त्याची काळजी सोड, काकूंनी आणि मावश्यांनी एव्हाना ढीग जमवला असेल. जी गोष्ट कुणी आपणहून जमवत नाही ती म्हणजे तुझी फाईल.

माहेरी बाळंतपण म्हणजे ऐन शेवटी डॉक्टर बदलणं. बार्शीच्या डॉक्टरांनी तुला आधी पाहिलेलं नाही, त्यांना तू कळणार ती कागदांवरून. बहुतेक जणी शेवटची सोनोग्राफी तेवढी घेऊन येतात आणि घोळ तिथेच होतो. बाळंतपणाची तारीख धरायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून. नंतरच्या रिपोर्टवर छापलेली तारीख बाळाच्या मापावरून काढलेली असते, बाळ चणीनं लहान-मोठं असलं की ती आठ-दहा दिवस सहज इकडेतिकडे होते. मग दिवस उलटलेत की अजून भरायचेत यावरून वाद. तेव्हा पहिला रिपोर्ट सगळ्यात वर लाव. त्याखाली रक्तगट. तुझा निगेटिव्ह आहे, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शन (आईचं रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) कोणत्या तारखेला घेतलं ते लिहिलेला कागद हवाच. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा द्यावं लागतं. बार्शीत ते आणून ठेवतील का, हे आधीच विचार. मग हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, एचआयव्ही आणि कावीळ-बीचा रिपोर्ट, बीपीचे आकडे. प्रत्येक पानाचा फोटो निखिलच्या आणि तुझ्या भावाच्या फोनमध्ये असू दे.

कळांची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच तिथे दाखवून ये आणि स्पष्ट विचार: रात्री दोनला सिझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त कुठून येतं? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की सोलापूर गाठायचं? असं विचारलं म्हणून चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

प्रवासात दर दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाल, पाणी पी. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नको, पोटाखालून मांड्यांच्या वर. एकाच पायाची पिंढरी सुजून दुखायला लागली तर थकवा म्हणून सोडून देऊ नकोस, दाखव.

आता हालचालींचं. "शेवटी जागाच उरत नाही, बाळ कमीच हलतं" हे तुला चार जणी सांगतील. ऐकू नकोस. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी ढकलल्यासारखं, कूस वळल्यासारखं वाटतं, पण हालचाली कमी होत नाहीत. रोज जेवणानंतर, बाळ एरवी जागं असतं त्या वेळी, डाव्या कुशीवर पड, फोन बाजूला ठेव आणि मोज. दहा हालचाली बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात होतात. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा आकडा काहीही असो, तुला रोजच्यापेक्षा बाळ मंद वाटलं, तर त्याच वेळी दवाखाना. सरबत पिऊन बघू, सकाळ होऊ दे, असं नाही. आणि घरी ठोके ऐकायचं ते ऑनलाइन मिळणारं यंत्र घेऊ नकोस. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असं नसतं, पण खोटा धीर मिळतो आणि निघायला उशीर होतो.

खोट्या कळांत पोट घट्ट होतं, पण चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की ओसरतं. खऱ्या कळा बहुतेकदा कमरेतून पुढे येतात, थांबत नाहीत आणि दोन कळांतलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीनं दर पाच मिनिटांना कळ, ती मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. पाणमोट फुटली तर मात्र कळांची वाट बघायची नाही. वेळ लिहून ठेव, पॅड लाव, रंग बघ. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळानं आत शी केलेली असते, तेव्हा तर मिनिटही घालवू नकोस. चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नकोस, पाळीसारखं रक्त गेलं तर लगेच नीघ. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज यांतलं काहीही झालं की तासाभरात बीपी मोजून घे, १४०/९० किंवा वर असलं तर थेट दवाखान्यात. पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर लिव्हरची तपासणी लागते. गाडी कोण चालवणार आणि तो नसला तर कोण, ही दोन नावं ठरव. १०८ नंबर काकूंच्या फोनमध्येही असू दे.

घरातल्या एका गोष्टीवर मात्र हट्ट धर. लंगोट आणि दुपटी जुन्या सुती लुगड्यांची करतात ते उत्तमच, नव्या कापडाची खळ बाळाला टोचते. पंचवीस-तीस लंगोट, दहा-बारा दुपटी पुरतात. पण ती लुगडी ट्रंकेतून येतात आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्या गोळ्यांच्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. कोणतं बाळ तसं, हे बघून कळत नाही. त्यामुळे वास येणारं कापड बाळासाठी घेऊच नका. बाकीचं दोनदा धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि कडक उन्हात वाळवा. गोळ्या बाळंतिणीच्या खोलीतून काढून टाका. कोळशाची शेगडीही बंद खोलीत नको, तिचा विषारी वायू ना दिसतो ना त्याला वास येतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा घे.

मधाचं चाटण, घुटी आणि काजळ बाळाला नको, हे आजीशी आत्ताच बोलून ठेव, बाळ हातात आल्यावर कुणी ऐकत नाही. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचं. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक त्याला पुरतो, तेव्हा "हिला दूधच नाही" म्हणत कुणी पावडरचा डबा उघडला तर बंद करायला सांग. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा लंगोट ओले झाले की पोट भरतंय.

रजेचं म्हणशील तर २६ आठवड्यांतले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात, आधी जितके जातील तितके बाळाजवळचे कमी. जन्मनोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नाव नंतर घालता येतं, त्यामुळे नावाच्या चर्चेपायी नोंद अडवू नका.

फाईलमध्ये शुगरचा रिपोर्ट सापडत नाही म्हणाली होतीस. उद्याच लॅबमधून दुसरी प्रत काढून घे, शनिवारी तुम्ही सकाळीच निघणार.

तुझी,
वैशाली