तीन हजार वर्षांचे स्मशान सातबाऱ्यावर कधी येणार? : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विदर्भातील शिलावर्तुळांची नोंद गाव नकाशावर व सातबाऱ्यावर घेणेबाबत.

महोदय,

विषय सरकारी भाषेत लिहिला, कारण उभी नोकरी त्याच भाषेत गेली. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नागपूर जिल्ह्यात साखळी ओढली, प्लेन टेबल खांद्यावर वाहिले आणि शेवटच्या काही वर्षांत यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून हद्दी काढल्या. हे पत्र तक्रारीचे आहे, पण पहिली तक्रार माझ्यावरच आहे.

काटोल रस्त्याच्या अंगाला एका गावात पोटहिस्स्याची मोजणी होती. फाल्गुनातले ऊन, पळस नुसता पेटलेला. शेताचा खालचा भाग काळा, कसदार. वरचा तुकडा बरड. त्या बरडावर काळे गोटे गोल मांडलेले दिसले, काही गुडघ्याला येणारे, एक-दोन कमरेला लागणारे. गोलाच्या आतली जमीन जराशी फुगलेली, पालथी परात ठेवावी तशी, आणि लहान दगडांनी भरलेली. एका गोट्यावर मी डबा उघडला. दगडावर वाटीसारखे खळगे होते, एकापुढे एक, ओळीने. अंगठ्याचे पेर बरोबर बसेल एवढे. गुराख्याच्या पोरांचा उद्योग असेल असे समजून मी एका खळग्यात लोणच्याची फोड ठेवली. शेतकरी म्हणाला, "साहेब, त्या गोट्याईले काऊन मोजता? पडीत लिहा." मी लिहिले. खडक, पोटखराबा (म्हणजे गटातली लागवडीबाहेरची जमीन), इतके गुंठे. सही केली आणि पुढच्या खुणेकडे गेलो.

ते कुणाचे तरी थडगे होते हे मला दहाएक वर्षांनी कळले, मुलीला घेऊन जुनापाणीला गेलो तेव्हा. नागपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणीची शिलावर्तुळे आहेत, केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक वाचला, आत गेलो आणि पहिल्याच दगडावर तेच खळगे दिसले. मुलगी पुढे पळाली. मी तिथेच थांबलो. लोणच्याची फोड आठवली.

महोदय, आपल्यापर्यंत रोज किल्ल्यांच्या फायली येतात, गोट्यांच्या येत नसतील. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विदर्भात, विशेषतः नागपूर जिल्ह्यात, लोहयुगातल्या माणसांनी आपले मृत अशा वर्तुळांत पुरले. काळ ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३००. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळे असल्याची नोंद आहे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे खणून पाहिले आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिले; दगडांवरच्या खळग्यांनी तोही चक्रावला होता. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथली वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उकरली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी ते खळगे कोणत्या दिशांना रोखले आहेत हे तपासले. ज्या खळग्यात मी फोड ठेवली, त्यावर खगोलशास्त्राची माणसे डोके खाजवत होती.

आत काय सापडते? लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, कुदळी, बांगड्या. मातीची भांडी, आतून काळी आणि बाहेरून तांबडी. भांडे भट्टीत पालथे घातले की तोंडाला आणि पोटाला हवा मिळत नाही, तो भाग काळा पडतो. बाहेर हवा लागते, तो भाग तांबडा होतो. एकाच भट्टीत दोन रंग. आणि घोडा. माहुरझरीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, त्यांच्या डोक्यावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. जनावराला एवढे नटवून मालकाबरोबर पाठवणारी ही माणसे होती. पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठी, नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या निघाल्या, लोखंडाचा कीट निघाला. ज्या कुऱ्हाडी थडग्यात मिळतात, त्या घडवणाऱ्यांचे कारखाने इथलेच होते, हे त्यावरून कळते.

आता मोजणीवाल्याच्या नजरेने एक गोष्ट सांगतो. कुठल्याही अहवालापेक्षा मला ती लवकर पटली, कारण माझा जन्म जमिनीची प्रत ठरवण्यात गेला आहे. ही माणसे राहत नदीकाठी, काळ्या जमिनीजवळ. पुरत मात्र मुरमाड बरडावर, जिथे काही पिकत नाही. पिकाची जमीन त्यांनी जिवंतांसाठी राखली. मेलेल्याला दिली ती निरुपयोगी जागा, पण तिच्याभोवती मोठमोठे दगड ओढून आणून लावले. अगदी शहाण्या शेतकऱ्याचा हिशेब.

आणि त्याच हिशेबाने आज ती थडगी मरताहेत. नागपूर वाढले तसे बरडाचे दिवस फिरले. काळ्या जमिनीत घर बांधले तर भिंतीला तडे जातात. लेआउट पडतो तो मुरमावर. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो, तो निघतो बरडातूनच. तीन हजार वर्षे नांगर तिकडे फिरकला नाही, म्हणून थडगी टिकली. जेसीबीला मात्र कसदार जमीन लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्या जुन्या शेताकडे गेलो होतो. वर्तुळाचा अर्धा भाग मुरमाच्या खाणीत गेला होता. उरलेला अर्धा कड्यावर लटकत होता, कापलेल्या केकसारखा, थर मोजता येतील इतका स्वच्छ. वर गोटे, खाली लहान दगड, त्याखाली करडी माती. मातीतून खापराचा तुकडा बाहेर आला होता. हात लावला नाही. नुसते वाकून पाहिले. आतून काळा, बाहेरून तांबडा. खळगेवाला दगड शोधला, मिळाला नाही. तो कुठल्यातरी फार्महाऊसच्या दारात शोभेला बसला असेल किंवा खडी होऊन रस्त्याखाली गेला असेल.

मी अर्ज केला. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण तिथला कारकूनही नियमानेच वागला. उत्तर आले : सदर जागेवर संरक्षित स्मारक असल्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही. बरोबरच आहे. ती नोंद करायची संधी एकदाच आली होती आणि ती माझ्या हातात होती.

आपल्याकडे समाध्यांची कदर नाही असे मी म्हणणार नाही. माणसे होदिगेरेला शहाजीराजांच्या समाधीवर कर्नाटकात जाऊन माथा टेकतात. रावेरखेडीची बाजीरावांची समाधी नर्मदेच्या धरणाच्या पाण्यात जाईल म्हटल्यावर महाराष्ट्रात आवाज उठला. कृष्णाकाठी माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. कुत्र्याला नाव आहे, मालकाला वंश आहे, त्यामुळे गाळ काढायला कुणीतरी येते. माहुरझरीच्या घोड्याला नाव नाही. त्याच्या मालकाची भाषा कोणती होती, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. त्याची जात कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्याच्या नावाने मोर्चाही निघत नाही. (हे उपरोधाने लिहिले आहे, पण खोटे नाही.) वारस नसलेली मिळकत सरकारजमा होते, हे आपल्या महसूल कायद्यातले जुने तत्त्व. मग बेवारस थडगे कुणाकडे जमा व्हायला हवे?

मेलेल्यांशी आपल्या भूमीतली माणसे किती परींनी वागली ते पाहिले की थक्क व्हायला होते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तिथले शेतकरी तर आणखी जुने. ते मृताला बरडावर नेत नसत; घरातच, जमिनीखाली पुरत. लेकरू असेल तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत ते लेकरू. मोठे माणूस असेल तर घोट्याखालचे पाय तोडून पुरायचे. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. एका राज्यात, काही शतकांच्या अंतराने, एक जण मृताला पाय तोडून घरात ठेवतो आणि दुसरा त्याला घोडा देऊन माळावर पाठवतो. शाळेच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

बाहेर काय चालले आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा ठाऊक असणार. आसामातल्या चराईदेवची अहोम राजांची मातीची थडगी, मोईदाम, २०२४ मध्ये जागतिक वारशात गेली. तमिळनाडूत आदिच्चनल्लूरला, जिथे रांजणांत पुरलेली माणसे मिळाली, उत्खननाच्या जागीच संग्रहालय उभे राहते आहे. अशीच प्राचीन पाषाणस्मारके असलेले कर्नाटकाचे हिरेबेनकल युनेस्कोच्या प्राथमिक यादीत आहे, तेलंगणाचे मुडुमाल २०२५ मध्ये गेले. दक्षिण कोरियाने आपली पाषाणथडगी २००० सालीच जागतिक यादीत नेऊन बसवली. आणि २०२५ च्या जुलैत आपले किल्ले त्या यादीत गेले तेव्हा मीही पेढे वाटले. कोकणातली कातळशिल्पे प्राथमिक यादीपर्यंत पोहोचली ती सड्यावर पायपीट करणाऱ्या हौशी माणसांमुळे. विदर्भात पायपीट करणारे आहेत, विद्यापीठ आहे. पण त्यांनी शोधलेले ठिकाण आणि तहसीलच्या कपाटातला गट नकाशा यांची कधी भेटच होत नाही.

म्हणून मी आपल्याकडे संरक्षण मागत नाही. आश्चर्य वाटेल, पण नाहीच मागत. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने स्मारक संरक्षित झाले की भोवती १०० मीटर बांधकामबंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा, ही २०१० ची दुरुस्ती. ती ताजमहालाला ठीक आहे. तीन एकरवाल्या शेतकऱ्याला समजले की आपल्या बरडावरच्या गोट्यांमुळे विहीरसुद्धा अडेल, तर तो रात्रीतून गोटे उचलील, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही उचलले असते. आपल्या राज्याचा १९६० चा कायदा आहे, पण हजारो वर्तुळांची एकेक अधिसूचना काढायला किती पिढ्या जातील?

मला हवी आहे फक्त नोंद. सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, वहिवाट, बँकेचा बोजा, सगळे त्यात बसते. त्यात एक ओळ : "गटात प्राचीन दफनस्थळ (शिलावर्तुळ) आहे." आणि गट नकाशावर एक छोटे वर्तुळ. पोटखराब्याचे "अ" आणि "ब" असे दोन वर्ग असतात. "ब" वर्गात रस्ते, तळी आणि स्मशान-दफनभूमीच्या जागा येतात. म्हणजे मी त्या दिवशी "अ" ऐवजी "ब" लिहिले असते तरी ते कागदावर खरे ठरले असते. दफनभूमी वापरातली हवी, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, त्यातला माणूस अजून तिथेच आहे.

नोंद झाली की पुढचे आपोआप घडते. मुरूम हे गौण खनिज. परवाना द्यायच्या आधी तहसीलदार सातबारा पाहतोच. लेआउटलाही पाहतात. ओळ दिसली की फाईल पुरातत्त्व संचालनालयाकडे जाईल, तिथून कुणीतरी येऊन पाहील, आणि काढायचेच असेल तर उत्खनन करून, नोंदवून काढील. शेतकऱ्याला त्या गटाचा सारा माफ करा. रक्कम हास्यास्पद आहे, पण गावात त्याचा अर्थ होतो. उलट दगड हलवला म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल करण्याने सुरुवात केलीत, तर या पत्राचा उपयोग शून्य.

यंत्रणाही नवी नको. माझ्या काळी एक खूण काढायला अर्धा दिवस जायचा. आता खात्यात रोव्हर (उपग्रहाच्या आधारे मोजणारी यंत्रे) आले आहेत, काही सेकंदांत अक्षांश-रेखांश मिळतात. पीक पाहणीचे फोटो शेतकरी २०२१ पासून स्वतःच मोबाइलवरून टाकतो. एक तालुका घ्या, एक उन्हाळा घ्या, गवत वाळलेले असते आणि गोटे लांबून दिसतात. भूकरमापकासोबत विद्यापीठाचा एक विद्यार्थी द्या, कारण भूकरमापक एकटा गेला तर काय लिहितो ते आपण वर वाचले आहे. महसूल मंत्र्यांच्या सहीशिवाय यातले काही हलणार नाही, म्हणून एक प्रत त्यांनाही पाठवली आहे.

ज्या अर्ध्या वर्तुळाबद्दल लिहिले, त्याचे गाव आणि गट क्रमांक इथे मुद्दाम दिलेला नाही. इथे छापला तर आपल्या माणसांच्या आधी गुप्तधनवाले लिंबू-नारळ घेऊन पोहोचतील. तो मी हाताने काढलेल्या नकाशासह बंद पाकिटात आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर वेगळा पाठवला आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा जाऊन मोजले. अकरा गोटे उभे आहेत. कड्याची माती भुसभुशीत झाली आहे आणि मृग फार लांब नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, नागपूर